ओट्याची उंची कुणाच्या कोपरानं ठरवायची?

प्रश्न : ठाण्यात आमचा जुना फ्लॅट आहे. स्वयंपाकघर ७ फूट रुंद, ९ फूट लांब. ओटा कडप्प्याचा, शेगडी खिडकीखाली. माझी उंची ५ फूट ३ इंच, सासूबाईंची ४ फूट १०, नवऱ्याची ५ फूट ९. सकाळी मी भाजी आणि डबे, सासूबाई पोळ्या, नवरा चहा-नाश्ता अशी तिघांची झुंबड असते. मॉड्युलर किचनवाल्यांनी सव्वातीन लाखांचं कोटेशन दिलंय : पांढरी चकचकीत, हँडल नसलेली शटरं आणि हॉलकडची भिंत पाडून ओपन किचन. मला ते आधुनिक, सुटसुटीत रूप फार आवडतं. सासूबाईंना मात्र भिंतीवरची स्टीलची मांडणी आणि खाली मोरी हवी आहे. पोळ्या करताना त्यांचे खांदे भरून येतात, माझी कंबर धरते. होकार देऊ का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : होकार द्यायला दोन आठवडे थांबा. तुम्ही पत्रात तिघांची उंची लिहिलीत, हे फार चांगलं केलंत. कोटेशनच्या कागदावर त्यातली एक तरी उंची लिहिलेली आहे का, ते आधी बघा. नसेल, तर तो कागद तुमच्या स्वयंपाकघराचा नाही, शटरांचा आहे.

तुम्हाला आवडलेलं सुटसुटीत रूप जिथून आलं, तिथली गोष्ट इथे कामाची आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची भयंकर टंचाई होती. फ्रँकफुर्ट शहरानं एर्न्स्ट माय या वास्तुरचनाकाराच्या हाताखाली कामगार-नोकरदारांसाठी हजारो छोटी घरं बांधायला घेतली. त्या घरांतल्या स्वयंपाकघराचं काम व्हिएन्नाच्या मार्गारेटे लिहोट्स्की या तरुण वास्तुरचनाकार बाईंकडे आलं. १९२६ साली त्यांनी आखलेलं स्वयंपाकघर होतं १.९ मीटर बाय साधारण ३.४ मीटर, म्हणजे सव्वासहा फूट बाय सव्वाअकरा फूट, सुमारे ७० चौरस फूट. तुमचं ६३ आहे. अशी जवळजवळ दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली, आणि आजच्या मॉड्युलर किचनचं मूळ तिथे आहे.

लिहोट्स्कीबाईंनी आधी काम मोजलं. बाई भांडं उचलते कुठून, ठेवते कुठे, मध्ये किती पावलं टाकते, हे बघितलं. रेल्वेच्या भोजनडब्यातलं स्वयंपाकघर अभ्यासलं, कारण तिथे वीतभर जागेत शंभरेक माणसांचं जेवण निघतं. मग फिरतं स्टूल आलं, खिडकीखाली बसून काम करायची जागा आली, कामाच्या फळीतच कचऱ्यासाठी काढता येणारा खण आला, पुढेमागे सरकवता येणारा छताचा दिवा आला, तांदूळ-साखरेसाठी चोचीचे आणि मुठीचे ॲल्युमिनियमचे खण आले. शटरांचा रंग निळसर हिरवा ठेवला, कारण त्या रंगावर माशा बसत नाहीत असं तेव्हा मानलं जाई. दिसायला ते सुटसुटीत झालं ते मोजमापातून. आज दुकानात विकलं जातं ते फक्त दिसणं.

म्हणून तुम्हीही मोजण्यापासून सुरुवात करा. आलेख-कागदावर एक फुटाला एक इंच या मापानं स्वयंपाकघराचा नकाशा काढा. फ्रिज, सिंक, शेगडी, कणकेचा डबा, मसाल्याचा डबा, भांड्यांची जागा, ताटं आणि दार यांच्या जागी टाचण्या टोचा. कागद पुठ्ठ्यावर चिकटवलेला असू द्या. एका सकाळी, पोळी-भाजी-वरण-भात होईपर्यंत, कुणीतरी दारात उभं राहून तुम्ही कुठून कुठे जाता ते लिहून घ्यावं. मग दोऱ्याचं एक टोक बांधून त्या क्रमानं टाचण्यांभोवती दोरा फिरवत जा. तिघांसाठी तीन रंगांचे दोरे घ्या. हेलपाटे मोजायची ही पद्धत शंभर वर्षं जुनी आहे. अमेरिकेत क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी १९१० च्या दशकात घरकामाची अशीच मोजणी मांडली होती, आणि फ्रँकफुर्टनं ती त्यांच्याकडून घेतली. दोरा जिथे जाड होईल, तिथे तुमचा खर्च जायला हवा. बहुतेक घरांत तो सिंक आणि शेगडी यांच्यामध्ये जाड होतो. तुमच्याकडे शेगडी आणि ताटांच्या मांडणीमध्ये होत असेल, तर उत्तर वेगळं येईल. आणि दोन रंग एकमेकांना सारखे कापत असतील, तर तुमची सकाळची झुंबड नेमकी तिथे आहे.

आता उंचीकडे वळू, कारण तुमची कंबर आणि सासूबाईंचे खांदे हा एकच दोष आहे.

पायांत रोजच्या चपला घालून सरळ उभं राहा, हात कोपरात काटकोनात वाका, आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर मोजा. तुमचं साधारण ३९ ते ४० इंच भरेल, सासूबाईंचं ३६ ते ३७, नवऱ्याचं ४३ च्या आसपास. चिरायचं काम कोपराच्या चार-पाच इंच खाली सुखाचं होतं. कणीक मळणं, लाटणं, कुटणं यांत अंगाचा भार हातावर द्यावा लागतो, म्हणून ते आणखी खाली हवं, कोपराच्या सहा ते आठ इंच खाली. शेगडीचं तर बर्नरच्या जाळीपासून मोजायचं, ओट्यापासून नाही.

आता तुमच्या सासूबाईंचा हिशेब करा. ओटा ३३ इंचांचा धरला, तर त्यावर पोळपाट दोन इंचांचा, म्हणजे लाटणं फिरतं ३५ इंचांवर. कोपर साडेछत्तीसला. दोन्हींमध्ये जेमतेम दीड इंच. भार द्यायला वाव नाही, म्हणून प्रत्येक पोळीला त्या खांदे उचलतात आणि मनगटानं रेटतात. शेजारी शेगडीची जाळी ३३ अधिक साडेपाच, म्हणजे साडेअडतीस इंचांवर, कोपराच्याही वर. तव्यावर पोळी टाकताना दंड हवेत राहतो. वीस पोळ्या म्हणजे चाळीस वेळा. खांदे भरून येणारच. तुमचा त्रास उलट आहे. खोल सिंकचा तळ खाली जातो आणि भांडी घासताना तुम्ही कमरेतून वाकता.

उपाय आहे ओटा दोन उंच्यांत बांधण्याचा. मुख्य भाग ३४ इंच, आणि शेगडी व पोळपाट यांचा मिळून एक उतरता भाग २९ इंच. तिथे पोळपाटाचा माथा ३१ वर येतो, शेगडीची जाळी साडेचौतीसवर. नवऱ्यासाठी काय? त्यांना चिरायला तीन-चार इंच उंचीचा, खाली रबरी बुटं लावलेला लाकडी ठोकळा द्या. ओटा कमी उंचीच्या माणसासाठी बांधावा, कारण ओट्यावर ठोकळा ठेवून तो उंच करता येतो, खाली मात्र नेता येत नाही. पायाखाली पाट घ्यायला सांगतात ते ऐकू नका. ओल्या फरशीवर पाट सरकतो, आणि हातात उकळती आमटी असते.

उतरत्या भागात दोन चुका नेहमी होतात. पहिली : पायरीच्या सांध्यात पाणी आणि कणीक साचते, झुरळं येतात. तिथे ग्रॅनाइटची उभी पट्टी वरच्या दगडाखाली सरकवून बसवायची, वरच्या दगडाची कड पाव इंच पुढे ठेवायची आणि सांधा एपॉक्सी ग्राउटनं भरायचा. पांढऱ्या सिमेंटनं भरला तर वर्षाच्या आत काळा पडतो. दुसरी चूक : सिलिंडर शेगडीच्या थेट खाली धरतात. २९ इंचांतून दगडाची जाडी गेली की रेग्युलेटरसकट सिलिंडर तिथे अडकत-अडकत बसतो, आणि रेग्युलेटर काढताना हात फिरत नाही. सिलिंडर बाजूच्या ३४ इंची भागात, थेट जमिनीवर, उभा ठेवा. त्या शटरला अगदी तळाशी जाळी हवी. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, त्यामुळे वरच्या बाजूला केलेल्या नक्षीदार भोकांचा उपयोग नाही. नळी सुरक्षा होजच घ्या, आणि तिच्यावर छापलेल्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत बदला.

जागेची मांडणी तुमच्या मापात अशी बसते. ९ फुटांच्या बंद भिंतीला, दारापासून : फ्रिज २८ इंच, मग लाटण्याची जागा २२, शेगडी ३० (ही दोन्ही मिळून ५२ इंचांचा उतरता भाग), उरलेले २८ इंच कोपऱ्यापर्यंत. कोपऱ्यातून खिडकीच्या भिंतीला वळलं की ३६ इंच मोकळा ओटा, शेवटी २४ इंचांत सिंक. शेगडी खिडकीखालून हलते, हे आवर्जून करा. वाऱ्यानं आंच हलते, गॅस वाया जातो आणि पडद्याची भीती राहते. खिडकीखालची उजेडाची जागा चिरण्या-निवडण्याला मिळते. लिहोट्स्कीबाईंनी कामाची फळी खिडकीखाली घेतली ती याच कारणासाठी.

हॉलकडच्या भिंतीला १५ इंच खोल आणि ४८ इंच लांब असा अरुंद ओटा घ्या. सिंकसमोर उभं राहायची तीन फूट जागा सोडून तो सुरू करायचा, नाहीतर सिंकचा अर्धा भाग अडतो. दोन ओट्यांमध्ये ४५ इंच राहतात. एकाच्या मागून दुसरं माणूस न धक्का लागता जायला ४२ इंच तरी लागतात, तेव्हा हे ठीक आहे. या अरुंद ओट्यावर चहाचं सामान, टोस्टर, इंडक्शन. नवऱ्याचा नाश्ता इथे, म्हणजे त्यांच्या दोऱ्याचा रंग तुमच्या दोघींच्या दोऱ्यांना कापणार नाही. खाली दोन फूट जागा रिकामी सोडा आणि १८ ते १९ इंच उंचीचं स्टूल सरकवून ठेवा. हा ओटा ३० इंचांचा केला तर सासूबाईंना बसून मेथी निवडता येईल, मटार सोलता येतील.

बसण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ते कुणी सांगत नाही. आपल्याकडे स्वयंपाक जमिनीवर होत असे. चूल, पाट, विळी, परात, सगळं मांडी घालून बसल्याजागी. नंतर फ्लॅट आले, उभा ओटा आला. १९३७ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सनं मुंबईच्या टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम' प्रदर्शन भरवलं, ते याच नव्या राहणीचं होतं. उभ्या ओट्यानं गुडघे वाचवले, धुरातून सोडवलं, हे खरंच आहे. पण त्याबरोबर बसून करायची कामंही उभ्यानं व्हायला लागली. फ्रँकफुर्टच्या स्वयंपाकघरात मात्र स्टूल सुरुवातीपासून होतं.

भिंत पाडायचा विचार मनातून काढा असं नाही म्हणत, पण पूर्ण पाडू नका. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या की ती साडेचार इंची विटांची आडभिंत आहे. जुन्या इमारतीत नऊ इंची भिंत वजन पेलणारी असू शकते, आणि नऊ इंची दिसणाऱ्या भिंतीत खांबही लपलेला असू शकतो. सोसायटीची परवानगी लागेलच. पण खरं कारण फोडणी आहे. मोहरी-मिरचीचा खाट हॉलच्या पडद्यांत आणि सोफ्यात बसतो, आणि चिमणी कितीही मोठी घेतली तरी तिन्ही बाजूंनी उघड्या जागेतून तो पसरतो. त्याऐवजी अरुंद ओट्याच्या वर तीन फूट रुंद, साडेतीन फूट उंच खिडकी पाडा, सरकत्या काचेची. वाढताना उघडायची, फोडणी देताना ओढून घ्यायची. वर आरसीसीचा लिंटेल हवा, दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच भिंतीत रोवलेला. लोखंडी पट्टी टाकून भागवलं तर कोपऱ्यांतून तिरप्या भेगा जातात. फ्रँकफुर्टमध्ये स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्यामध्ये सरकतं दार होतं, आणि शेगडीपासून जेवणाच्या टेबलापर्यंतचं अंतर सुमारे तीन मीटरच्या आत धरलं होतं. आई काम करता करता मुलांवर लक्ष ठेवू शकेल, हा हेतू. तुमच्या खिडकीनं तेच साधेल.

भिंतीवरच्या स्टीलच्या मांडणीच्या बाबतीत मी पूर्णपणे सासूबाईंच्या बाजूचा आहे. फिनलंडमध्ये १९४० च्या दशकात मायू गेबहार्ड यांनी घरकामातले कष्ट कमी करण्याच्या अभ्यासातून सिंकच्या वर बसणारं, तळ नसलेलं ताटांचं कपाट घडवलं. धुतलेलं ताट पुसायचं नाही, रचायचं नाही, सरळ जाळीत उभं करायचं, पाणी सिंकमध्ये निथळतं आणि तीच त्याची कायमची जागा. आज तिथल्या घराघरांत ते असतं. आपली भिंतीवरची स्टीलची मांडणी हेच काम करते : ताटं उभी, वाट्या एका ओळीत, पेले खुंट्यांना उपडे, सगळं डोळ्यांसमोर. तुमच्या दुकानदारानं ती काढून बंद शटरच्या आत ट्रॉलीत ताटं ठेवायला सांगितलं असेल. म्हणजे धुवा, निथळवा, पुसा, वाका, ओढा, ठेवा. एका ताटामागे तीन कामं वाढली. ओली ताटं आत गेली तर ट्रॉलीला कुबट वास येतो तो वेगळाच.

मांडणी सिंकच्या वर बसवा. तुमच्या खिडकीची चौकट तिथपर्यंत येत असेल, तर सिंकलगतच्या आडव्या भिंतीवर. खालची कड ओट्यापासून २० इंच, सर्वांत वरची ताटांची ओळ जमिनीपासून ६६ इंचांच्या वर नको, म्हणजे सासूबाईंचा हात टाच न उचलता पोहोचेल. स्टील ३०४ प्रतीचं घ्या. २०२ प्रतीचं स्वस्त मिळतं, पण सिंकजवळच्या सततच्या ओलाव्यात त्यावर तांबूस ठिपके येतात. ड्रिल भिंतीत चार इंच जाऊ द्या आणि अँकर बोल्ट वापरा; भरलेली मांडणी सहज वीस-पंचवीस किलोची होते, प्लास्टिकच्या गिट्टीवर ती टांगू नका.

मोरी मात्र ६३ चौरस फुटांत बसवायचा हट्ट नको. दोन बाय अडीच फूट जातात आणि घरभर ओल राहते. पण सासूबाई मोरी का मागताहेत ते समजून घ्या : मोठी परात, कुकर, पातेली सिंकमध्ये मावत नाहीत. म्हणून सिंक निवडायला जाताना घरातली सर्वांत मोठी परात बरोबर न्या आणि दुकानात सिंकमध्ये आडवी ठेवून बघा. २४ बाय १८ इंचांचं बाहेरचं माप आतून साधारण २१ बाय १६ भरतं. दोन कप्प्यांचं सिंक या घराला नको, दोन्ही कप्पे अपुरे पडतात. खोली आठ इंच पुरे. दहा इंचांचं सिंक पाणी उडत नाही म्हणून खपतं, पण त्याचा तळ जमिनीपासून २४ इंचांवर जातो आणि तिथेच तुमची कंबर धरते. भांडी घासायला मावशी येत असतील, तर त्यांच्या कोपराचं मापही घ्या; सिंकपुढे घरात सर्वांत जास्त वेळ त्या उभ्या राहतात. सिंकखाली जमिनीत नहाणी ट्रॅप ठेवा आणि फरशीला तिकडे उतार द्या, दर सात फुटांना एक इंच. म्हणजे सणावाराला फरशी बादलीनं धुता येईल, आणि मोरीचं अर्धं काम होईल.

शटरांबद्दल थोडक्यात. हँडल नसलेली शटरं दाबून किंवा कडेला बोटं घालून उघडतात. कणकेच्या हातांनी दोन्ही अवघड. दाबून उघडणाऱ्या यंत्रणेला जड भांड्यांची ट्रॉली झेपत नाही, वर्ष-दोन वर्षांत ती अर्धवट उघडी राहायला लागते. दोन बोटं मावतील असं सहा इंची साधं हँडल लावा. पांढरं चकचकीत ॲक्रिलिक शेगडीजवळ पिवळं पडतं. फिकट रंगाचं मॅट लॅमिनेट तुम्हाला हवा असलेला सुटसुटीतपणा देईल आणि पुसायला सोपं जाईल. ओट्याखालचा सांगाडा मात्र लाकडाचा करूच नका. उभ्या कडप्प्याच्या फळ्या, दर दोन ते अडीच फुटांवर, त्यांच्यामध्ये स्टीलच्या ट्रॉल्या आणि पुढे शटर : ही आपल्याकडची जुनी पद्धत सिंकच्या खालच्या ओलीत प्लायपेक्षा कितीतरी टिकते. पार्टिकल बोर्ड पहिल्याच गळतीत फुगतो. जिथे प्लाय घ्यावाच लागेल, तिथे आयएस ७१० (पाण्याला टिकणाऱ्या प्लायचा) शिक्का असलेला १८ मिलिमीटरचा. वरचा दगड मात्र ग्रॅनाइट घ्या, कडप्पा नको. कडप्पा चुनखडीचा दगड आहे, लिंबू-चिंचेनं त्यावर पांढुरके डाग उठतात. पुढची कड शटरच्या एक इंच बाहेर आणि तिच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी खाच. ती खाच नसली तर ओट्यावरचं पाणी कडेवरून मागे वळून शटरवर ओघळतं आणि लॅमिनेट कडेनं सुटतं. सिंकसाठी दगड कापताना कोपरे गोल कापून घ्या. काटकोनी कोपऱ्यातूनच पुढे तडा जातो. आणि सगळीकडे खाली पायाला जागा सोडा, चार इंच उंच, तीन इंच आत. नाहीतर पावलं ओट्याला अडतात, माणूस मागे सरकून उभं राहतं आणि वाकतं.

डाळी-तांदळाचे कायमचे नावं कोरलेले खण दुकानात दिसतील, घेऊ नका. फ्रँकफुर्टच्या ॲल्युमिनियमच्या खणांवर नावं आधीच कोरलेली होती, आणि लोकांची तक्रार हीच होती की आमच्या घरात जे जास्त लागतं त्याला मोठा खण नाही. शिवाय ते मुलांच्या हाताशी यायचे. त्या स्वयंपाकघराचा याहून मोठा दोष असा की ते एका वेळी एकाच बाईसाठी आखलं होतं. दुसरं माणूस आत आलं की अडचण. तुमच्याकडे तिघं आहेत, त्यामुळे तिथलं मोजणं घ्या, ती अरुंद वाट घेऊ नका.

चिमणीच्या खोक्यावर ताशी १२०० किंवा १५०० घनमीटर असे आकडे असतात. तुमची खोली साडेनऊ फूट उंच धरली तर १७ घनमीटरची आहे. तासाला वीस वेळा हवा बदलायची म्हटलं तरी ३४० पुरतात. आकड्यावर पैसे घालू नका, नळीवर घाला : सहा इंची, शक्य तितकी सरळ, दोनपेक्षा जास्त वळणं नकोत, कारण नळीत आणि वळणांवर ओढ मरते. तुमच्या मांडणीत शेगडीपासून खिडकीच्या भिंतीपर्यंत अंतर थोडंच आहे. चिमणी चालू असताना खिडकी बोटभर उघडी हवी, बाहेर जाणाऱ्या हवेच्या जागी आत हवा यायला लागते. शेगडी उतरवल्यावर चिमणीही खाली येईल, बर्नरपासून २८ इंचांवर म्हणजे जमिनीपासून साडेबासष्ट इंचांवर. नवऱ्याचं कपाळ तिथेच येतं. तिरप्या काचेची, मागे झुकलेली चिमणी घ्या.

छताला मधोमध एकच दिवा असेल तर ओट्यावर तुमचीच सावली पडते, आणि सुरी सावलीत चालते. वरच्या कपाटांच्या तळाला, पुढच्या कडेजवळ, दुधी झाकणाची एलईडी पट्टी लावा. मागच्या कडेला लावली तर ग्रॅनाइटवरून चकाकी डोळ्यांत येते.

आणि हे सगळं दगड कापायच्या आधी घरात उभं करून बघा. जुना ओटा तसाच राहू द्या. हॉलमध्ये विटांचे दोन ढीग रचा, त्यांवर प्लायचा तुकडा टाका, २९ इंच भरेल असा. त्यावर सासूबाईंनी आठवडाभर रोजची कणीक मळावी, पोळ्या लाटाव्यात. एक वीट कमी, एक जास्त करून बघा. वीट साधारण तीन इंचांची असते, इंचा-इंचाच्या फरकाला मासिकांचा गठ्ठा पुरतो. ज्या दिवशी त्या म्हणतील की आज खांदा जाणवला नाही, त्या दिवशी टेप लावा आणि तो आकडा घ्या, मी वर दिलेला नाही. जमिनीवर खडूनं अरुंद ओटा आणि फ्रिजचं दार उघडल्यावरची कड आखा, आणि तिघांनी एकाच वेळी त्यात वावरून बघा.

मग कामाचा क्रम : नळाच्या आणि सांडपाण्याच्या पाइपांची कामं, मग वायरिंग (मिक्सर-इंडक्शनचे पॉइंट ओट्यापासून नऊ इंच वर, सिंक आणि शेगडीच्या मागे एकही नाही, इंडक्शनला १६ अँपिअरचा सॉकेट), मग फरशीखालचं वॉटरप्रूफिंग आणि त्यावर ४८ तास पाणी साठवून खालच्या मजल्यावर ओल येते का ते बघणं, मग फरशी, कडप्पा, ग्रॅनाइट, आणि सुतार सर्वांत शेवटी. ओटा बसल्यावर ट्रॉल्यांची मापं पुन्हा घ्यायला लावा. नकाशावरच्या मापानं आधीच बनवून आणलेल्या ट्रॉल्या कडप्प्याच्या फळ्यांत पाव इंचानं घासतात. टाइल लागायच्या आधी प्रत्येक भिंतीचा, टेप धरून, फोटो काढून ठेवा. पुढे मांडणीसाठी ड्रिल मारताना पाइप नेमका कुठून गेलाय ते त्या फोटोतच सापडेल.